पाचशेच्या मुद्रांकावर संसार मोडून देणाऱ्यास



तुमचं नाव मी लिहीत नाही, कारण या धंद्यात तुम्ही एकटे नाही. हे पत्र तुमच्यातल्या प्रत्येकाला आहे. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर एसटीतून उतरून न्यायालयाची वाट विचारणाऱ्या बाईला जो आधी गाठतो तो तुम्ही. तिची हकिगत अर्धी ऐकून "कोर्टाच्या भानगडीत कशाला पडता ताई, तारखाच मोजत बसाल. आपण नोटरी करून टाकू, आठ दिवसांत मोकळ्या," असं सांगता आणि मुद्रांकावर छापलेला फारकतनामा तिच्या हातात ठेवता. पूर्वी हा कागद शंभराच्या मुद्रांकावर निघायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात शंभर-दोनशेच्या जागी पाचशेचा मुद्रांक आला, तसा तुमचा मसुदाही पाचशेवर गेला. तुमची फी त्याहून वेगळी आणि कितीतरी जास्त.

तुमचा मसुदा मला आता पाठ झाला आहे. उभयतांचं पटत नाही, पंचांसमक्ष, राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता वेगळे होत आहोत, यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क राहणार नाही, पोटगी मागणार नाही, दोघेही पुनर्विवाहास मोकळे. खाली एक सही, एक अंगठा, दोन पंच आणि नोटरीचा गोल शिक्का. नावं आणि गावं तेवढी बदलतात. मारहाण झालेली असो, नवरा दुसरीकडे नांदत असो, की लग्नाला चारच महिने झालेले असोत, राजीखुशी सगळीकडे तीच.

या कागदाने घटस्फोट होत नाही आणि हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितो आहे. न कळणाऱ्या माणसाला मी समजावून सांगितलं असतं.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली लग्न मोडतं ते न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. कलम २९ मध्ये रूढीने होणाऱ्या काडीमोडीला जागा ठेवलेली आहे, आणि कोणी हटकलं की तुम्ही तेच पुढे करता. पण आमच्या समाजात चालतं एवढं म्हणून भागत नाही. तशी रूढी आहे, ती जुनी आहे, अखंड आहे, हे न्यायालयात मांडून सिद्ध करावं लागतं. यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हे स्पष्ट केलं. नोटरीचं म्हणाल तर केंद्राच्या विधी विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये लेखी कळवलं आहे की विवाहाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करून देण्याचा नोटरीला अधिकार नाही. त्याआधीही तो नव्हता. आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ साली, शंभू रघूच्या खटल्यात, जातीला लग्न रद्द ठरवण्याचा आणि बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा अधिकार मानायला नकार दिला होता. जातीने परवानगी दिली म्हणून लग्न कायदेशीर आहे असं मला प्रामाणिकपणे वाटलं, हा बचावही तेव्हाच फेटाळला गेला. त्याला आता दीडशे वर्षं होत आली. एवढ्या काळात तुमच्या धंद्याने फक्त पंचांच्या शेजारी एक शिक्का आणून ठेवला.

मला सर्वात जास्त राग येतो तो पोटगीच्या ओळीचा. तुमचा कागद नुसता निरुपयोगी असता तर बाईचे पैसे गेले, एवढंच झालं असतं. तो त्याहून वाईट काम करतो. पोटगीचं जुनं कलम १२५, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेतलं १४४, यात एक पोटकलम आहे: नवरा-बायको परस्परसंमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला या कलमाखाली पोटगी मिळत नाही. न्यायालयातून संमतीने घटस्फोट घेतलेल्या बाईला मात्र ही अडचण आड येत नाही. तिने दुसरं लग्न केलेलं नसेल आणि तिला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल, तर ती पोटगी मागू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वनमालाच्या खटल्यात सांगितलं. आता तुमच्या गिऱ्हाइकाची स्थिती पाहा. घटस्फोट झालेला नाही, म्हणून ती घटस्फोटिता नाही. आणि आम्ही संमतीने वेगळे झालो, असं तिच्याच अंगठ्याखाली तुम्ही लिहून घेतलेलं. ती पोटगीचा अर्ज करते तेव्हा नवऱ्याचा वकील तुमचाच कागद पुढे ठेवतो. पोटगीचा हक्क असा लिहून देता येत नाही, तो करार लोकहिताविरुद्ध आहे, हे सांगून तिचा वकील झगडतो, पुष्कळदा जिंकतोही. पण मधली वर्षं जातात. ती वर्षं तुम्ही तिच्याकडून फी घेऊन तिच्या वाट्याला घातली आहेत.

गेल्या पावसाळ्यात सातपूरकडची एक बाई असाच कागद घेऊन माझ्याकडे आली होती. कारखान्यात पॅकिंगचं काम करते. कागद प्लॅस्टिकमध्ये घालून जपलेला. भावाने दुसरं स्थळ आणलं, बोलणी झाली, आणि मुलाच्या चुलत्याने एकच प्रश्न विचारला, "केस नंबर काय?" तिने कागदावरचा नोटरीच्या वहीतला क्रमांक दाखवला. त्या शहाण्या माणसाने हात जोडून बोलणी थांबवली. त्याचं मी कौतुकच करतो. त्याने तिला दुसऱ्या फसवणुकीतून वाचवलं.

कारण असं लग्न झालं असतं तर काय? पहिलं लग्न कायद्याने उभं असताना केलेलं दुसरं लग्न शून्य असतं, आणि द्विविवाह हा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. तुमचा कागद घेऊन पुरुषही बोहल्यावर चढतात, तेव्हा भरडली जाते ती दुसरी बाई. १९८८ मध्ये यमुनाबाई आढाव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नवऱ्याची पहिली बायको हयात आणि लग्न कायम असताना दुसरीशी लागलेलं लग्न शून्य, म्हणून ती पोटगीच्या कलमातली पत्नी नाही. पुढे कायद्याची नजर थोडी मऊ झाली. नाशिक-पुणे रस्त्यावरच्या हिवरगाव पावसा इथल्या देवगडच्या देवळात २००५ मध्ये एका बाईचं लग्न लागलं होतं. नवऱ्याने पहिली बायको असल्याचं लपवलं होतं. ज्याने फसवलं त्याला त्याच फसवणुकीचा फायदा घेऊ देणार नाही, असं म्हणत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची पोटगी कायम ठेवली. जानेवारी २०२५ मध्ये तेलंगणातल्या एका बाईलाही न्याय मिळाला. पहिल्या नवऱ्यापासून ती नुसत्या लेखी समजुतीवर वेगळी झाली होती, हुकूमनामा नव्हता, तरी दुसऱ्या नवऱ्याकडून तिची पोटगी मान्य झाली. या दोघींची प्रकरणं दिल्लीपर्यंत गेली. तुमच्याकडे येणाऱ्या पेठ-सुरगाण्याच्या बाईने कुठवर जायचं?

"कोर्टात आयुष्य जातं" हे तुमचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते विकलं जातं. वादाचा दावा लांबतो. समन्स लागत नाही, तारखा पडतात, बायका थकतात. हे मी रोज पाहतो आणि त्याचं समर्थन करणार नाही. पण तुमच्याकडे येणाऱ्या बहुतेक जोडप्यांत दोघंही राजी असतात. त्यांच्यासाठी हिंदू विवाह कायद्यातलं कलम १३ ब १९७६ पासून आहे. लग्नाला आणि वेगळं राहायला वर्ष झालेलं असावं, दोघांनी मिळून अर्ज करावा, सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा उभं राहून होय म्हणावं. दीड वर्षाहून जास्त काळ वेगळे राहत असतील, पोटगी आणि मुलांचा ताबा ठरलेला असेल, समेटाचे प्रयत्न संपले असतील, तर ते सहा महिनेही न्यायालय माफ करू शकतं. अमरदीप सिंग खटल्याचा हा निकाल सप्टेंबर २०१७ चा आहे. नाशिक शहरातल्यांसाठी कौटुंबिक न्यायालय आहे, तिथे विवाह समुपदेशक असतो. मालेगाव, निफाडसारख्या ठिकाणी हाच अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतो. आणि २००३ च्या दुरुस्तीपासून बायको स्वतः जिथे राहते तिथे अर्ज करू शकते. माहेरी सिन्नरला राहणाऱ्या मुलीने सासरच्या जिल्ह्यात हेलपाटे घालायची गरज नाही. हे वाक्य तुम्ही एकीला तरी सांगितलं आहे का?

खर्चाची गोष्ट तर तुम्ही मुद्दाम दडवता. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत स्त्रीला न्यायालयीन शुल्क माफ आहे, १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेपासून. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तिला मोफत वकील मिळतो, आणि स्त्री असल्यास उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात एक अर्ज करायचा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन. तिला जे फुकट मिळत होतं त्याच्या वाटेत तुम्ही टेबल मांडून बसला आहात.

धंद्याची दुसरी बाजूही लिहितो. "कोर्टाचं रेकॉर्ड काढून देतो, आत ओळख आहे" म्हणून तुम्ही पैसे घेता. आत ओळख लागत नाही. ईकोर्ट्सच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकलं की प्रकरण सापडू शकतं. नावाची इंग्रजी अक्षरं दोन-तीन तऱ्हांनी लिहून पाहावी लागतात, एवढीच मेहनत. प्रत्येक प्रकरणाला सोळा अंक-अक्षरांचा एक सीएनआर क्रमांक असतो, तो हाती असेल तर शोधावंही लागत नाही. फार जुनं प्रकरण तिथे दिसलं नाही तर अभिलेख कक्षात अर्ज करायचा. निकालपत्राची आणि हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल पक्षकाराला नक्कल विभागातून रीतसर मिळते. तिऱ्हाइताला कारण द्यावं लागतं, आणि ते योग्यच आहे: ही प्रकरणं बंद दाराआड चालतात आणि त्यांतला मजकूर छापायला त्याच कायद्याच्या कलम २२ ने मनाई आहे. स्थळ पाहणाऱ्यांनी म्हणून समोरच्याकडेच नक्कल मागावी. वाद होऊन लागलेला निकाल असेल तर अपिलाची मुदत उलटली का, तेही विचारावं. यात कोणाचा अपमान नाही. सातपूरच्या त्या बाईने हे मला विचारलं तेव्हा उत्तर द्यायला पाच मिनिटं लागली. त्यासाठी तुम्ही लोकांकडून काय घेता, ते तुम्हीच आठवा.

२०२२ मध्ये सिन्नरच्या एका विवाहितेचं लग्न जातपंचायतीने एका रुपयात मोडल्याची तक्रार पुढे आली, तेव्हा सगळा जिल्हा चिडला होता. बरोबरच होतं. जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम याच नाशकातून उभी राहिली आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आपल्या राज्यात झाला. पण त्या पंचांत आणि तुमच्यात मला फरक दिसत नाही. त्यांनी त्या मुलीला रुपया तरी टेकवला. तुम्ही हजारो घेता.

आता माझी मागणी. तुमच्या कागदांवर ज्या नोटरीचा शिक्का आहे त्याच्या नोंदवहीत प्रत्येक दस्ताची तारीख आहे, आणि मसुदे करताना ज्यांची नावं-गावं टाकलीत ते सगळे मजकूर तुमच्या संगणकात आहेत. त्यांतल्या कित्येक बाया आज स्वतःला घटस्फोटिता समजून बसल्या आहेत, काहींनी पुन्हा लग्न केलेलं असेल. ती यादी काढा. न्यायालयाचं फाटक तुमच्या टेबलापासून दूर नाही. यादी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे नेऊन द्या, म्हणजे तिथले वकील त्या बायांना गाठून त्यांच्या लग्नाची खरी स्थिती सांगतील आणि ज्यांना हवा त्यांचा अर्ज दाखल करतील. घेतलेली फी परत करा. उद्या सकाळी एखादी बाई वाट विचारत आली, तर तिला तुमच्या खुर्चीवर बसवू नका, सरळ आत पाठवा.

तुमच्या कागदांनी गांजलेल्यांच्या बाजूचा,
एक नाशिककर