मुखपृष्ठ नागरिकाभिमुख करताना घ्यावयाची खबरदारी

अभिनंदन! तुमच्या नगरपरिषदेच्या संकेतस्थळाचे मुखपृष्ठ ‘नागरिकाभिमुख’ करण्याचे काम तुमच्याकडे आले आहे. तुम्हाला मराठी टायपिंग येते एवढ्याच पात्रतेवर ते आले असेल तर घाबरू नका, परंपरा तीच आहे. पुढील सूचना पाळल्यात तर आढावा बैठकीत शाबासकी मिळेल आणि खिडकीपुढची रांग एका माणसानेही कमी होणार नाही.

सुरुवात फोटोंपासून करावी. मुखपृष्ठाचा वरचा अर्धा भाग मान्यवरांचा असतो. कोणाचा फोटो कोणाच्या उजवीकडे, कोणाचा किती मोठा, यावर लागेल तेवढा वेळ जाऊ द्या, कारण साऱ्या प्रकल्पात वरिष्ठ स्वतःहून फोन करून विचारतील असा हा एकच निर्णय आहे. पुढे बदली झाली की फोटो बदलावा, बाकी कशाला हात लावू नये. पानाच्या तळाशी ‘शेवटचा बदल’ म्हणून नवी तारीख आपोआप पडते आणि संकेतस्थळ अद्ययावत होते.

फोटोंखाली सरकती पट्टी. उद्या पाणी येणार नाही ही सूचना तिच्यात टाकाच, पण वृक्षारोपण सप्ताह आणि भंगार लिलावाच्या मधोमध. वाचणाऱ्याने आधीच्या दोन बातम्या सरकून जाईपर्यंत थांबावे. लोकसहभाग म्हणतात तो हाच. शेजारी लाल अक्षरांत लुकलुकणारे ‘नवीन’ हवे. निविदेची मुदत कधीची टळली म्हणून ते काढायचे नसते.

आता मुख्य काम, म्हणजे मांडणी. इथे नवखे लोक हमखास घसरतात: माणूस काय शोधत आला असेल याचा विचार करू लागतात. तसे न करता आस्थापनेचा तक्ता उघडावा. सामान्य प्रशासन, कर आकारणी व वसुली, नगररचना, पाणीपुरवठा व जलनिस्सारण. कार्यालयात जितके विभाग तितकी बटणे, त्याच क्रमाने. बाळाचा जन्मदाखला आरोग्य विभागाच्या पोटात असतो हे नव्या बापाला ठाऊक नसते. ते त्याने शोधून काढावे, आता जबाबदारी वाढली आहे. शोधपेटीत लोक ‘घरपट्टी’ लिहितात, म्हणून पानावर सर्वत्र फक्त ‘मालमत्ता कर’ ठेवावे आणि शोधपेटीला ‘एकही नोंद आढळली नाही’ एवढे म्हणू द्यावे. तरीही कोणी चिकाटीने योग्य पानावर पोहोचलाच, तर प्रभाग, गट आणि मालमत्ता क्रमांक विचारावा. तो क्रमांक जुन्या पावतीवर असतो. पावती हरवली म्हणूनच तो इथे आलेला असतो.

अर्जांबद्दल फारसे सांगायला नको. कागद थोडा तिरका ठेवून स्कॅन करावा, पीडीएफ चढवावी. नागरिकाने ती छापायची, पेनाने भरायची आणि कार्यालयात आणून द्यायची. या पानाला ‘ऑनलाइन सेवा’ असे नाव द्यावे. अंध व्यक्तीचा स्क्रीन रीडर असे स्कॅन वाचू शकत नाही, कारण त्याच्या लेखी ते एक चित्र असते. सरकारी संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २००९ मध्येच काढली आहेत. पण कोपऱ्यात ‘अ+ अ अ-’ अशी तीन बटणे बसवली की तपासणाऱ्याचे समाधान होते.

बैठकीत एखादा वाचन असलेला सदस्य ब्रिटनचे उदाहरण काढील, त्याला तयार राहा. तिथल्या सरकारने १७ ऑक्टोबर २०१२ रोजी नागरिकांसाठीची आणि व्यवसायांसाठीची दोन मोठी संकेतस्थळे बंद करून ‘गव्ह डॉट यूके’ हे एकच सुरू केले. लोकांच्या गरजेपासून सुरुवात करा, हे त्या चमूचे पहिले तत्त्व. पुढल्या वर्षी, २०१३ मध्ये, लंडनच्या डिझाइन म्युझियमने त्याला वर्षातल्या सर्वोत्तम डिझाइनचा पुरस्कार दिला. चकचकीत असे त्यात काहीच नव्हते! सार्वजनिक सुट्ट्यांचे पान उघडले तर पुढची सुट्टी कधी, एवढेच मोठ्या अक्षरांत सर्वांत वर. आपल्याकडे हीच माहिती परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ पासून सुरू होते आणि होळी कधी ते त्यानंतर कळते. सदस्यांना सांगावे की तिकडची लोकसंख्या कमी आहे. हे उत्तर सगळ्याला चालते.

याहून मोठा धोका मात्र तुमच्याच इमारतीत, तळमजल्यावर आहे. नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीवर वर्षानुवर्षे बसणाऱ्या मॅडम. दिवसभरात लोक कोणते प्रश्न कोणत्या शब्दांत विचारतात, कोणत्या कागदावाचून परत जातात, कोणत्या महिन्यात कशाची गर्दी होते, हे त्यांना तोंडपाठ आहे. मार्चअखेर घरपट्टी, जूनमध्ये शाळाप्रवेशासाठी जन्मदाखले. त्यांच्याशेजारी स्टूल टाकून कोणी सकाळभर नुसते ऐकत बसले, तर पहिली पाच बटणे कोणती हवीत ते त्याला दुपारच्या डब्यापर्यंत समजेल आणि सल्लागाराचे सादरीकरण वाया जाईल. म्हणून मॅडमना बैठकीला बोलावू नये. खिडकी रिकामी ठेवता येत नाही, हे कारण नोंदवावे.

शेवटची अडचण कायद्याची. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे आपण कोणत्या सेवा देतो, किती दिवसांत देतो, शुल्क किती, पदनिर्देशित अधिकारी कोण आणि अपील कोणाकडे, ही यादी सूचना फलकावर आणि संकेतस्थळावर लावावीच लागते. खरे तर उत्तम मुखपृष्ठाचा आराखडा हाच. तो वर दिसू द्यायचा नसेल तर माहिती अधिकाराच्या १७ बाबींच्या फोल्डरात ठेवावा. तिथे शोधायला सहसा कोणी जात नाही.

ही मार्गदर्शिका चुकून तुमच्याऐवजी एखाद्या नागरिकाच्या हाती पडली असेल, तर त्याने एवढे करावे: अर्ज देताच त्याचा विशिष्ट क्रमांक असलेली पोच मागावी. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा अर्ज फेटाळला गेला, तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील करता येते, आणि विनाकारण कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.