कपलर मामा

कपलर मामांना रस्त्यात बंद पडलेली इलेक्ट्रिक स्कूटर दिसली की मनापासून आनंद होतो. तो दिसू नये म्हणून ते आधी ‘अरेरे’ म्हणतात. गाडीवाल्याला वाटतं, चला, कुणीतरी हळहळलं. तेवढ्यात मामांनी सीट उचललेली असते.

शिरूर अनंतपाळात ते कुणाचे सख्खे मामा, हे आता सांगणं अवघड आहे. मूळ धंदा मोटार वायंडिंगचा. साकोळ, येरोळकडच्या बोअरवरच्या जळक्या मोटारी त्यांच्या दारात येऊन पडायच्या आणि मामा तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसायचे. मग गावात त्या हळू चालणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरी आल्या. मोटार २५० वॅटची, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, त्यामुळे ना लायसन ना नंबरप्लेट. गुरुजींनी घेतल्या, अंगणवाडीच्या ताईंनी घेतल्या, सोयाबीन विकायचं नसलं तरी रोज भाव विचारून येणाऱ्या रिटायर मंडळींनी घेतल्या. अशाच एकीचं मागचं चाक मामांनी उघडलं. आत तीन जाड तारा: पिवळी, हिरवी, निळी. मामा म्हणाले, “थ्री फेज! ही तर चाकात बसवलेली पाणबुडी मोटार हाय की!” आणि त्या दिवसापासून वायंडिंगचं दुकान पोरावर पडलं.

पाणबुडीचं ज्ञान मात्र सगळंच्या सगळं लागू पडलं नाही. पंप उलटा फिरायला लागला की दोन फेजची अदलाबदल करायची, एवढं शेतातलं पोरगंही जाणतं. मामांनी ते स्कूटरला करून पाहिलं. चाक गुरगुरलं, हिसके देत जागच्या जागी थरथरलं, पण फिरलं नाही. जाड तारांच्या शेजारी पाच बारीक तारा असतात, हॉल सेन्सरच्या. चाकातलं चुंबक कुठवर आलंय याची खबर त्या कंट्रोलरला देतात आणि तो त्या हिशोबानं फेज सोडतो. खबर एकीची आणि फेज दुसरीला, असं झाल्यावर चाक तरी काय करणार! तेव्हापासून मामा बारीक तारेशी फार अदबीनं वागतात. “जाड तार भांडून मोकळी व्हती,” ते म्हणतात, “बारीक तार मनात ठेवती.”

मामांचा सिद्धांत असा, की गाडीत कुठलाही पार्ट कधीच खराब होत नसतो, खराब होतो तो जोड. म्हणजे कपलर, थिंबल, टेपखालची पीळ मारलेली तार. लातूरला गाडी नेली की पहिल्या झटक्यात “कंट्रोलर गेलाय” असं ऐकायला मिळतं, याचा त्यांना संताप आहे. “कंट्रोलर जात नसतो, घालवतेत!” हे काही शंभर टक्के खरं नाही. पाणी शिरलं की कंट्रोलर व्यवस्थित मरतो. पण निम्म्याहून जास्त गाड्या मामा काचपेपरच्या तुकड्यावर चालू करून देतात, हे मीही पाहिलंय.

परवा बसस्टँडसमोरच्या टपरीपुढं एका गुरुजींची स्कूटर अडली. मामा चहा अर्धा टाकून उठले.

“अरेरे. काय झालं, गुरुजी?”

“बघा ना मामा. डिस्प्ले लागतोय, बॅटरी फुल दाखवतेय, आणि रेस दिली की काहीच नाही.”

“धुतली का?”

गुरुजी गप्प.

“धुतली का गुरुजी?”

“काल पोरानं वॉशिंगला नेली होती. पाइपानं...”

मामा गर्दीकडे वळले. गर्दी जमलेलीच होती. “ऐकलाव का? २०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, अन् गुरुजी प्रेशर मारून गाडी धुवायलेत!” गुरुजींनी वर्गात कुणाची मान इतकी खाली घालायला लावली नसेल.

मग मीटर निघाला. मामांचा मीटर उजेड गावच्या गांधी यात्रेत घेतलेला, काच तडकलेली, एका वायरीला सुई बांधलेली. त्यांनी काटा २००वर नेला, कारण २०वर ठेवला तर मीटर नुसता एकचा आकडा दाखवून रुसतो. बारा-बाराच्या चार बॅटऱ्या मिळून ५१ व्होल्ट. “बॅटरी ठणठणीत,” गर्दीतला एकजण म्हणाला. मामांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. “बसल्या जागी समदेच ठणठणीत असतेत. चढाला कळतंय.” हे अगदी बरोबर आहे. जोड ढिला असला तरी उभ्या गाडीत मीटरला पूर्ण व्होल्ट दिसतात. मोटारीनं करंट ओढला की मगच ते त्या जोडापाशी गळून पडतात.

नंतर रेस. तीन तारा. मामांनी कपलरच्या मागून सुई सारली. लाल-काळीत पाच व्होल्ट. तिसरीवर रेस न देता जेमतेम एक, मूठ पिळली की चारच्या जवळ. “रेस बोलायलीय,” मामा म्हणाले, “ऐकणारा ऐकंना.”

इथून पुढं मामा कुणाचे नव्हते. एकेक कपलर दाबून उघडायचा, डोळ्याजवळ न्यायचा, फुंकायचा, चक्क हुंगायचा. एकात पिनेवर हिरवा थर आलेला सापडला. तो त्यांनी पेढा दाखवावा तसा सगळ्यांना दाखवला. बॅटरीखालच्या जाड कपलरचं प्लॅस्टिक एका बाजूनं तांबूस होऊन मऊ पडलं होतं. पिन सैल झाली की टेकायला जागा थोडी उरते, तेवढ्यातूनच सगळा करंट जातो, पिन तापते, तापून आणखी सैल होते.

“सापडला फॉल्ट!” गुरुजी ओरडले.

“ह्यो फॉल्ट न्हाई. ह्यो पुढल्या महिन्यात होणार होता.” मामांनी तो कपलर काढून त्या जागी नवा दाबून बसवला. तोवर गुरुजींची शाळा भरून गेली होती.

शेवटी मामा हँडलकडं आले. दोन्ही ब्रेकच्या मुठींतून येणारे छोटे कपलर त्यांनी उपसले. डबल स्टँडवरची गाडी, रेस दिली, आणि मागचं चाक सूंऽऽ करत फिरलं. टपरीवाल्यानं टाळी वाजवली.

“ब्रेक दाबलेला होता,” मामा म्हणाले.

“मी कुठं ब्रेक दाबला?”

“तुम्ही न्हाई दाबला. पण गाडीला वाटायलंय दाबलाय. मुठीत स्विच असतोय. ब्रेक लागला की त्यो कंट्रोलरला सांगतोय, मोटार सोड. तुमच्या पोराच्या पाण्यानं त्यो तसाच चिकटून बसला.” उजव्या मुठीतला स्विच त्यांनी फुंकून, चोळून, टिक-टिक वाजवून मोकळा केला, दोन्ही कपलर परत बसवले आणि मूठ सोडल्यावर मागचा लाल दिवा विझतो की नाही ते वाकून पाहिलं. विझला.

गुरुजी हुशार माणूस. “मामा, म्हणजे मघापासून हा दिवा लागूनच होता?”

“व्हय. उन्हात कळत न्हाई एवढंच.”

“तुम्हाला कळला होता?”

“चहा पितानाच दिसला की.”

“मग आधी ब्रेकच का नाही बघितला? माझे दोन तास गेले!”

मामांना हा प्रश्न खरोखरच कळला नाही. “आधी ब्रेक बघितला असता तर गाडी चालू झाली असती,” ते म्हणाले. “चालू गाडीचे कपलर तुम्ही उघडू दिले असते का?”

गुरुजींनी पैसे विचारले. मामांनी हात झटकून तो भाजलेला कपलर तेवढा खिशात टाकला. घरी त्यांच्याकडे असल्या कपलरांनी भरलेले डबे आहेत आणि मामी ते भंगारात घालण्याची संधी शोधत असतात.

“मामा, ते सीट, बॅटरीचं झाकण, आणि हे स्क्रू?”

“त्ये लावा तुम्ही,” चहाच्या दुसऱ्या कपाकडं वळत मामा म्हणाले, “त्यात काय हाय बघायसारखं?”