भोकं ठेवलेली भिंत

ब्रेक नसलेलं वाहन पोट भरायला रोज चालवायचं, तर मिसिसिपी किंवा ओहायो नदीवर बोटवाला व्हावं. बार्ज म्हणजे मालवाहू तराफे; तीन-तीन बार्जच्या पाच ओळी एकत्र बांधायच्या आणि तो पंधरा बार्जचा तांडा मागून बोटीने ढकलत न्यायचा. तांड्याची रुंदी १०५ फूट. धरण आलं की शेजारच्या लॉकमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेल्या प्रचंड हौदात, शिरायचं. हौदाची रुंदी ११० फूट! चाळीच्या जिन्यातून लोखंडी कपाट चढवताना निदान मध्येच ते टेकवून घाम पुसता येतो. इथे जिनाच वाहता.

शिवाय नदीचा ओढा लॉकला लागून असलेल्या धरणाच्या दरवाज्यांकडे. लॉकच्या दिशेने आलेलं पाणी ऐनवेळी तिकडे वळतं आणि तांड्याचं नाक सोबत घेऊन जातं. याला तिथले लोक ‘आउटड्राफ्ट’ म्हणतात. बोटवाल्याने शहाण्यासारखा वेग कमी केला, तर सुकाणूही ऐकेनासं होतं. सावधपणाची अशी शिक्षा फार थोड्या धंद्यांत असेल.

उपाय म्हणून लॉकच्या तोंडापासून नदीत वरच्या बाजूला लांब भिंत काढतात. ती सलग, भक्कम बांधली, तर आत कोंडलेलं पाणी भिंतीच्या टोकाला वळसा घालून बाहेर पळतं, म्हणजे तांडा आत शिरतो नेमका तिथेच आडवा प्रवाह. म्हणून इंजिनिअर भिंतीच्या तळाशी भोकं ठेवतात, बार्जच्या बुडापेक्षाही खाली. पाणी तांड्याखालून निमूट निघून जातं आणि तांडा अलगद भिंतीला टेकतो. भोकं लहान पडली तर नाक पुन्हा बाहेर. मोठी झाली तर तांडा भिंतीला असा चिकटतो की सुटता सुटत नाही.

केवढी भोकं बेताची, हे कागदावर ठरवणं कठीण. म्हणून मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरानंतर तिच्याच काठी व्हिक्सबर्गला उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेत नदीच्या छोट्या प्रतिकृती केल्या गेल्या. पाण्यावर कागदाचे कपटे सोडायचे, त्यांच्या वाटा फोटोत टिपायच्या, रिमोटवरची बोट चालवून बघायची. शंभरपट लहान केलेल्या नदीत काळही दहापट घाईत असतो. खऱ्या नदीवरचा तास तिथे सहा मिनिटांत आटोपतो. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रातही नद्या आणि बंदरं अशीच लहान करून अभ्यासतात. भरल्या घरची मोठी माणसं कचेरीच्या वेळेत पाण्याशी खेळतात आणि वर अहवालही लिहितात, याचा मला मनापासून हेवा वाटतो.

खेळ म्हणा, पण त्यांना एक गोष्ट पक्की कळलेली असते. पाणी जाणारच, प्रश्न फक्त कुठून, एवढाच. नुसती भिंत कुणीही बांधेल. इंजिनिअरला पगार मिळतो तो भोकांचा.