कर्ज ही मदत नव्हे

संकट आलं की सरकार पॅकेज जाहीर करतं. आकडा लाख कोटींत असतो. भोसरीतल्या दोन लेथ मशिनच्या वर्कशॉपपर्यंत येईतो त्याचं कर्ज झालेलं असतं. २०२० च्या टाळेबंदीत हेच झालं, आणि त्यातून आपण काही शिकलोय असं मला दिसत नाही.

मे २०२० मध्ये केंद्राने लहान उद्योगांसाठी ३ लाख कोटींची कर्जहमी योजना आणली. अट काय होती? २९ फेब्रुवारीला बँकेची जेवढी बाकी, तिच्या २० टक्के नवं कर्ज. म्हणजे ज्याच्या डोक्यावर आधीच बँकेचं कर्ज, त्यालाच आणखी कर्ज! ज्याने भिशी आणि हातउसन्यावर धंदा उभा केला, बँकेची पायरी कधी चढला नाही, त्याच्यासाठी त्यात दमडी नव्हती. बायकोचं मंगळसूत्र सोनाराकडे गेलं, तेच त्याचं पॅकेज.

पगाराचं तर विचारूच नका. २९ मार्चला गृह मंत्रालयाने आदेश काढला : टाळेबंदीत कामगारांचा पगार कापायचा नाही. हेतू चांगला होता. पण पैसे कोणी द्यायचे? मालकाने. सहा माणसांच्या वर्कशॉपचा मालक स्वतःच मशिनवर उभा असतो. मोठ्या कंपनीकडे त्याची बिलं अडकलेली, शटर खाली, गाळ्याचं भाडं मात्र चालू. मे महिन्यात आदेश मागे घेतला गेला. मधल्या काळात एकाच गाळ्यातली दोन दुबळी माणसं पगारावरून एकमेकांचं तोंड बघेनाशी झाली. ब्रिटनमध्ये याच काळात घरी बसवलेल्या कामगाराच्या पगारातला ८० टक्के वाटा, ठरावीक मर्यादेपर्यंत, सरकार भरत होतं. आपल्या सरकारनेही काही महिने मालक-कामगार दोघांचा पीएफ भरला. पण पीएफचा कायदा लागतो २० माणसांपासून. सहाजणांनी काय करायचं?

एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने ५,४७६ कोटींचं पॅकेज दिलं. त्यात नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत बांधकाम कामगार यांना १,५०० रुपये होते. रक्कम तुटपुंजी, पण ते कर्ज नव्हतं. एवढं श्रेय द्यायलाच हवं. घोडं अडलं ते नोंदणीपाशी.

सकाळी कुठल्याही शहरातल्या मजूर अड्ड्यावर जाऊन बघा. हातात थापी, पिशवीत डबा. मुकादम येतो, नजरेनेच तिघांना निवडतो आणि टेम्पोत बसवतो. दहा वाजेपर्यंत जो उरला, तो डबा तसाच घेऊन घरी. या माणसाने कल्याणकारी मंडळात नाव घालायचं, तर वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र आणायचं. सही कोण देणार? आज एक मुकादम, उद्या दुसरा. ठेकेदार हात वर करतो, कारण सही केली की जबाबदारी आली. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर याच माणसाच्या नावाने गोळा होतो, आणि तोच यादीबाहेर! फेरीवाल्यांचंही तेच. वर्षानुवर्षं रोज पावती फाडणाऱ्याला प्रमाणपत्र नाही. त्याची हातगाडी उचलताना पालिकेला तो बरोबर सापडतो. मदत देताना मात्र सापडत नाही.

महाराष्ट्राला दुसरी वाट ठाऊक नाही असंही नाही. १९७२ च्या दुष्काळाने रोजगार हमी दिली. वि. स. पागे यांनी ती कल्पना लावून धरली, १९७७ मध्ये कायदा झाला. काम मागेल त्याला काम, ही त्यातली ताकद. खडी फोडायला जो आला तो गरजू. त्याला दुसरा पुरावा मागायचा नाही. आणि खर्च? त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. आजही पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा २०० रुपये कापलेले दिसतात, त्याचं मूळ हे आहे. शहरातल्या नोकरदाराने दुष्काळी भागातल्या मजुराची चूल पेटती ठेवली. महाराष्ट्राने देशाला दिलेल्या मोठ्या गोष्टींपैकी ही एक आहे, असं मी मानतो.

शिवभोजन थाळीतही हीच समज होती. रांगेत उभा राहील तो जेवेल. २०२१ च्या निर्बंधांत ती मोफत झाली आणि अनेकांचं पोट त्यावर निघालं. पुढे ती शिजवणाऱ्या केंद्रचालकांवरच थकलेल्या बिलांसाठी दारोदार फिरायची पाळी आली, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. तेही छोटे व्यावसायिकच की!

तेव्हा पुढच्या संकटाची तयारी आत्ता करा. शहरासाठी रोजगार हमी आणा. केरळने ती २०१०-११ मध्येच सुरू केली. सरकारी खात्यांनी आणि मोठ्या कंपन्यांनी लहान पुरवठादारांची बिलं ४५ दिवसांत चुकती करावीत. कायदा २००६ चा आहे, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. पण पुढची ऑर्डर जाईल या भीतीने कोणी तक्रार करत नाही. म्हणून तक्रारीची वाट न बघता थकबाकीदारांना जाब विचारायला हवा.

आणि थोडं आपल्या घराकडेही बघू. राज्यात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. नोंदणी करायची तर घरमालकाने 'ही आमच्याकडे काम करते' असं लिहून द्यावं लागतं. कित्येक सुशिक्षित घरांत त्या कागदावर सही करायला नकार मिळतो, उद्या काही अंगाशी येईल म्हणून. काही अंगाशी येत नाही. तुमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींना या आठवड्यात तो अर्ज आणायला सांगा आणि सही करून द्या.