शेठ, 1,999 ला घेतली कुणी?

प्रति,
महासेलचे मालक,
मुक्काम : जिथं मंगल कार्यालय रिकामं असेल तिथं.



शेठ, तुमची रिक्षा परवा एकदाची उंब्रजच्या हद्दीबाहेर गेली. ‘माता-भगिनींनो, आज शेवटचा दिवस’ ही हाळी आम्ही सोयाबीन पेरताना ऐकली होती. भांगलण सुरू झाली तरी तुमचा शेवटचा दिवस काही मावळेना. हायवेकाठचं गाव असल्यामुळं आम्हाला हॉर्नची सवय आहे, पण तुमच्या भोंग्यापुढं ट्रकवाले सुद्धा गरीब वाटले.

तुमच्या हुशारीला मात्र दाद द्यायला हवी. आषाढ लागला की लग्नं थांबतात, ती थेट तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. तोवर कार्यालयं ओस आणि मालक पडेल त्या भाड्याला तयार. वैशाखात जिथं अक्षता पडल्या तिथं तुम्ही गठ्ठे सोडलेत. नवरा-नवरीच्या खुर्च्यांवर गाऊनचा ढीग! त्यात या दिवसांत घरातला पैसा बियाण्यात, खतात आणि पोरांच्या वह्या-पुस्तकांत गेलेला असतो. ज्याचा खिसा रिकामा, त्यालाच ‘स्वस्त’ लांबून ऐकू येतं. मुहूर्त नसण्याचा असा मुहूर्त साधणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता.

आता मुद्द्याचं. आमच्या नणंदबाई आखाडात माहेरी येणार म्हणून आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तुमच्याकडून डबलबेडची चादर आणली. पिशवीवर 1,999 चं चकचकीत स्टिकर, त्यावर लाल काट आणि खाली 599. ‘आगं, चौदाशे वाचलं!’ हे वाक्य डेअरीत दूध घालायला आलेल्या प्रत्येक बाईला त्यांनी ऐकवलं. चादर भिजवल्यावर अर्धा रंग बादलीत उतरला आणि मामंजींचं धोतर गुलाबी झालं. त्याबद्दल काही म्हणत नाही. सेलमधल्या कापडाचा रंग हा ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग.

पण त्या चेनच्या पिशवीत पापड चांगले राहतात, म्हणून आत्तींनी ती धुवायला घेतली. पाण्यानं स्टिकरचा कोपरा सुटला. आत्तींनी नखानं हळूच उचकटला. खाली पिशवीवरच बारीक अक्षरांत कंपनीनं छापलं होतं : एमआरपी 425, सर्व करांसहित.

म्हणजे चौदाशे वाचले नव्हते शेठ, वर 174 गेले होते.

पॅकबंद मालाबाबत 2011 चे वैधमापनाचे नियम आहेत. छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायचं नाही आणि ती किंमत खोडायची, पुसायची, बदलायची नाही. नवं स्टिकर लावता येतं, पण ते किंमत कमी करण्यासाठी, आणि तेव्हाही कंपनीची मूळ किंमत झाकायची नाही. तुमच्या बोटभर कागदानं किंमत वाढवली पण आणि झाकली पण.

बरं, ते 425 घटकाभर बाजूला ठेवू. मला एवढंच सांगा, 1,999 ला ती चादर घेतली कुणी? सूट द्यायची तर आधी कुठंतरी, कधीतरी तो भाव असावा लागतो. तुम्ही सेलच्या आदल्या आठवड्यात या गावात नव्हताच. तुमचं दुकानच सेलच्या दिवशी जन्मलं. जो भाव कधी कुणी दिलाच नाही, त्यावर काट मारायला लाल पेनाशिवाय लागतं काय?

मोठे लोकही यात पकडले गेलेत म्हणा. ऑक्टोबर 2014 मध्ये फ्लिपकार्टनं पहिला ‘बिग बिलियन डे’ केला, तेव्हा बदललेल्या किमतींवरून एवढा गिल्ला झाला की दुसऱ्या दिवशी मालकांनी गिऱ्हाइकांची लेखी माफी मागितली. ‘लवकर करा, संपत आलं’ अशी खोटी घाई ऑनलाइनवाल्यांनी करू नये म्हणून 2023 मध्ये मार्गदर्शक सूचनाही निघाल्या. त्यात रिक्षाचा उल्लेख नाही, हे तुमचं भाग्य.

खरा सेल कसा असतो ते आमच्या कृष्णाकाठाला विचारा. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी सांगलीच्या पेठेत शिरलं आणि ओसरल्यावर दुकानदारांनी चिखलात भिजलेलं कापड मिळेल त्या भावात काढलं. तिथं विकणारा बुडालेला होता. तुमच्या ‘कंपनी बंद पडली’ आणि ‘एक्स्पोर्टचा माल’ या कहाण्यांत बुडतं कोण? आमच्या पेठेतला कापडवाला बुडतो. तो उसाचं बिल जमा होईपर्यंत उधारीवर थांबतो, आणि लोक रोख पैसे घेऊन तुमच्याकडे येतात.

आत्ती चादर परत द्यायला तुमच्याकडे आल्या, तेव्हा मी सोबत होते. पावती नव्हतीच. तुमच्या पोरानं ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीकडे बोट दाखवलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पावती न देणं आणि सदोष माल परत न घेणं या दोन्हीला अनुचित प्रथा म्हटलंय, हे मी त्याला सांगितलं. मिसरूडही न फुटलेलं पोर ते, हळूच म्हणालं, ‘मावशी, रात्री आम्हालाच बसवतात स्टिकर लावायला. झोपायला बारदान असतंय.’ चादरींच्या गठ्ठ्यांत राहून पोर बारदानावर झोपतं!

तुम्हालाही पाहिलं. लाइट गेली होती, बाहेर पाऊस, आत गिऱ्हाईक नाही. स्टेजवर मोबाईलच्या उजेडात वही घेऊन तुम्ही फोनवर कुणाला तरी सांगत होता, ‘भाडं तरी सुटू दे.’ खोटं कशाला बोलू, पोटात कालवलं. वाटलं, हा माणूसही कुणाचा तरी माल उधार आणून गावोगाव हिंडतोय, याच्याही डोक्यावर कुणीतरी स्टिकर लावलंय.

पण शेठ, मग आत्ती आठवतात. मंडईत रुपयासाठी हुज्जत घालणारी बाई तुमच्या आकड्याशी हुज्जत घालत नाही, कारण छापलेलं खरं असतं असं तिला वाटतं. 174 रुपयांनी आमचं घर बसत नाही. पण आता आत्ती डेअरीत कुणाशी बोलत नाहीत, किटली रिकामी करून खाली मान घालून घरी येतात. हे तुम्ही केलंत. लाज वाटायला हवी ती तुम्हाला, वाटतेय त्यांना!

दिवाळीच्या तोंडावर तुम्ही पुन्हा याल. येताना पावतीपुस्तक आणा आणि पोरांना अंथरायला एकेक चादर द्या, 425 वालीच. ते स्टिकर आम्ही वहीत चिकटवून ठेवलंय आणि ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आत्तींनी स्वतः पाठ केलाय.

आपली,
उंब्रजची एक माता-भगिनी

ता. क. : 174 मध्ये मामंजींचं धोतर धरलेलं नाही. त्याचा हिशेब ते स्वतः करणार आहेत.