ताशी पंचवीस, टोपी बाजार मार्गे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी गृहस्थांनी पन्नाशीनंतर सायकलला मोटरचं किट बसवून घेतलं. मागच्या चाकात हब मोटर, दांडीवर ३६ व्होल्टची बॅटरी, सीटखाली कंट्रोलरची डबी, हँडलवर थ्रॉटल आणि हॉर्न. वायरी इतक्या, की सायकल आयसीयूतून थेट ऑफिसला निघाल्यासारखी दिसते.

कायदा त्यांच्या बाजूने आहे. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला, की ना लायसन्स, ना नंबरप्लेट. ही मर्यादा आखणाऱ्यांनी संध्याकाळी सहाला गृहस्थांच्या वाटेवरच्या टोपी बाजारातून एकदा जाऊन पाहायला हवं होतं. वेग रोखायला तिथे नियम लागत नाही, ठेला पुरतो. ठेल्यामागे ई-रिक्षा, रिक्षापुढे भाव करणाऱ्या मावशी, आणि सगळ्यांच्या मधोमध बसकण मारलेला सांड. त्याला मोटर वाहन कायदा लागू नाही.

सायकलला काहीबाही जोडून पायांना सुट्टी देण्याचा उद्योग जुनाच. १९४६ साली फ्रान्समध्ये विक्रीला आलेल्या व्हेलोसोलेक्सचं इंजिन पुढच्या चाकावर असे आणि त्याचा रोलर टायरला घासून चाक फिरवी. होंडाने १९५२ मध्ये ‘कब एफ’ हे लाल इंजिन काढलं आणि जपानभरच्या सायकल दुकानदारांना पत्रं धाडून खपवलं. २००९ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मंडळींनी मोटर-बॅटरीसकट सगळा कारभार एका चाकात कोंबून कोपनहेगनमध्ये दाखवला. तिथे सायकलींना स्वतंत्र रस्ते आहेत, हे किटच्या खोक्यावर कोणी छापत नाही.

ग्वाल्हेरात अशा कलाकुसरीचं कौतुक थेट राजघराण्यापासून. जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर शिंदे सरकारांची चांदीची आगगाडी ब्रँडी आणि सिगार घेऊन फिरे. पाहुण्याने सुरई उचलली की थांबे, परत ठेवली की चालू लागे. गृहस्थांच्या किटमध्येही जवळपास तीच युक्ती आहे: ब्रेक दाबला की मोटर बंद, सोडला की पुन्हा तयार. फरक एवढाच, की महाराजांचे पाहुणे टेबलाभोवती बसत. टोपी बाजारातले रुळावरच उभे असतात.

त्यामुळे गृहस्थांचा हात ब्रेकवरून निघत नाही आणि मोटरला काम मिळत नाही. बॅटरी घरी परतते ती जवळजवळ भरलेलीच. “अहो, बिल तर वाढलंच नाही!” म्हणून घरात कौतुकही झालं.

एवढ्या सरंजामात कामाला आला तो हॉर्न. पण बाजार त्यालाही लवकरच सरावला. गृहस्थ आता मोठ्या हॉर्नच्या शोधात आहेत. दुकानदाराने ट्रकचा काढून दाखवला, २४ व्होल्टचा. बॅटरी ३६ची असल्याचं सांगताच तो गडबडला नाही. “कन्व्हर्टर लगा देंगे, अंकलजी,” म्हणत त्याने दुसरं खोकं उघडलं.