फीत कापता येईल तेवढेच

आमच्या नगरपरिषदेने यंदाही शिलकी अर्थसंकल्प मांडला. 'कोणतीही करवाढ नाही' ही ओळ पहिल्या पानावर ठळक टायपात आहे. पथदिव्यांचे वीजबिल थकले आहे, ही ओळ कोणत्याच पानावर नाही. बिल थकलेले असताना शिल्लक उरते कशी, असे लेखा विभागातल्या एका मुरलेल्या लिपिकाला विचारले, तेव्हा तो चष्मा पुसत म्हणाला, "काका, जमेची बाजू आपण लिहितो. खर्चाची बाजू वीज कंपनी लिहिते. आपण आपल्या अक्षरावर खूश राहायचं."

तर या शिलकेतून गावाला काय काय मिळणार? वेशीवर स्वागत कमान. जुनी आहेच, पण तिच्यावर मागच्या नगराध्यक्षांचे नाव असल्याने नवी तिच्यापुढे हाकेच्या अंतरावर होईल, म्हणजे पाहुण्याचे स्वागत दोनदा. तळ्याकाठी ओपन जिम. चौकात हायमास्ट. चांगल्या फरश्या उखडून त्यांच्या जागी पेव्हर ब्लॉक. आणि बसस्थानकासमोर, लाल बदामासकट, 'आय लव्ह' आणि पुढे गावाचे नाव अशी झगमगती अक्षरे. ही अक्षरे मागेही एकदा बसवली होती. पहिल्याच पावसाळ्यात गावाच्या नावातले दिवे गेले. आता रात्री नुसते 'आय लव्ह' दिसते, कुणावर ते अंधारात. दिवे दुरुस्त करायला तरतूद नाही, म्हणून सगळीच अक्षरे नवीन घ्यायची आहेत. नव्याला तरतूद असते.

मिळणार नाही ते थोडक्यात सांगतो. वाचनालय संध्याकाळी उघडणार नाही, कारण तिथला सेवक निवृत्त झाला आणि पद भरले नाही. अग्निशमन बंब उभा आहे. त्याच्या चालकाचा ठेका संपला असल्याने आग लागल्यास नागरिकांनी ती मुदतवाढ मिळेपर्यंत आटोक्यात ठेवावी. आणि साऱ्या गावाला पाणी सोडणारा वॉलमन एकच आहे. तो सायकलवरून गल्लोगल्ली फिरून वॉल उघडतो नि बंद करतो. त्याला ताप आला की गावाला पाणी येत नाही. गावातल्या बायका देवाला हात जोडतात तेव्हा नवऱ्यानंतर त्याच्याच प्रकृतीसाठी जोडतात, आणि उन्हाळ्यात तर क्रमही बदलतो.

असे का होते? दुष्टपणाने नव्हे. आमचे नगरसेवक भले लोक आहेत, लग्नाला आणि मयताला न चुकता येतात. पण सार्वजनिक पैशाचा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. ज्याची फीत कापता येते, ज्याच्यासाठी नारळ फोडता येतो किंवा ज्याच्यावरचा पडदा दोरी ओढून बाजूला करता येतो, त्याला निधी मिळतो. वॉलमनच्या पगाराला फीत कुठे बांधणार? बांधलीच, तर ती दर महिन्याला कापावी लागेल.

कोनशिला वाचण्याचा मला छंद आहे. वर्तमानपत्रापेक्षा त्यांत गावाचे राजकारण जास्त कळते. 'यांच्या शुभहस्ते' एक, 'यांच्या अध्यक्षतेखाली' दुसरे, 'प्रमुख उपस्थिती'त सात-आठ, 'विशेष प्रयत्न' वेगळे आणि शेवटी 'संकल्पना'. भाजी बाजारामागच्या मुतारीवरही 'संकल्पना' या शब्दापुढे एका नगरसेवकांचे नाव कोरलेले आहे. माणसाला ही संकल्पना त्याआधी सुचली नव्हती, असे थोडेच आहे? पण ग्रॅनाइटवर सगळे शोभते. मुतारीला पाणी नाही, कोनशिला मात्र दर पंधरा ऑगस्टला धुतली जाते.

एकाच रस्त्याचे दोन भूमिपूजनांनी भाग्य उजळल्याचेही आम्ही पाहिले आहे. सकाळी आजी आमदार, दुपारी माजी आमदार. दोघांच्याही 'अथक पाठपुराव्यामुळे' हा निधी आला होता. रस्त्यावर दोन नारळ फुटले आणि नंतर काही महिने त्या रस्त्यावर तेवढेच काम झालेले दिसत होते.

निधी येतो कुठून, हे नीट पाहिले तर कोनशिलेचे कोडे आणखी सुटते. फार पूर्वी पालिकेकडे जकात होती. नाक्यावर खोके, खोक्यात कारकून, बाहेर ट्रकांची रांग. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि बदल्यात राज्याचे सहायक अनुदान आले. पूर्वी नाक्यावर ट्रक थांबत, आता मंत्रालयात मुख्याधिकारी थांबतात. उरली घरपट्टी आणि पाणीपट्टी. घरपट्टीच्या बिलात वृक्ष कर असतो, अग्निशमन कर असतो, शिवाय शिक्षण कराची रक्कम पालिका गोळा करते ती राज्याकडे पाठवायला. बिल पाहून नागरिकाला वाटते, एवढे कर भरतो म्हणजे गावात जंगल असेल आणि दारात बंब. निवडणुकीच्या आधी घरपट्टी वाढवायची नाही हा सर्वपक्षीय करार, आणि निवडणुकीनंतर वाढवली तर पुढच्या निवडणुकीची आठवण होते.

मग दिल्लीकडे पाहायचे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली, त्यात नगरपालिकांसाठी १८ विषय: पाणीपुरवठा, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा, बागा, स्मशाने, अगदी कोंडवाडासुद्धा. विषय अठरा दिले, पैसे देण्याचा एकोणिसावा राहून गेला. अठराविश्वे दारिद्र्य हा शब्दप्रयोग आमच्या पालिकेला इतका घटनात्मक रीतीने लागू पडेल, असे जुन्या लोकांना वाटले नसेल.

वित्त आयोग मात्र पैसे देतो. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी लहान शहरांच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला व ४० टक्के अबंधित ठेवला. अबंधित म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे कशावरही खर्च करा, फक्त पगार आणि आस्थापनेवर नको. यात शहाणपण नाही असे नाही. ही अट नसती, तर आमच्या पालिकेत मेहुणे आणि भाचे यांचा स्वतंत्र विभाग निघाला असता. पण परिणाम असा, की जलशुद्धीकरण केंद्र बांधायला पैसे आहेत, त्यात तुरटी आणि ब्लीचिंग टाकणाऱ्या माणसाला नाहीत. राज्याचे नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, दलित वस्ती सुधारणा, जिल्हा नियोजनचा निधी, आमदारांचे वर्षाला पाच कोटी, खासदारांचे पाच कोटी हे सगळे झरे बांधकामाकडे वाहतात. सिमेंटला पाझर फुटतो, माणसाला नाही.

वाचनालयाचे उदाहरण घ्या. रत्नागिरीत १८२८ मध्ये वाचनालय निघाले, तेव्हा नगरपालिका नावाचा प्रकारही महाराष्ट्रात नव्हता. लोकांना पुस्तके आधी लागली, पालिका नंतर. आज राज्यात हजारो शासनमान्य ग्रंथालये आहेत. त्यातल्या 'ड' वर्गाला वर्षाला ३० हजार रुपये अनुदान मिळे. २०२२ मध्ये त्यात ६० टक्के वाढ झाली. ६० टक्के हा आकडा ऐकून दडपण येते. रक्कम झाली ४८ हजार, महिन्याला चार हजार. त्यात पुस्तके, मासिके, वीज, भाडे आणि ग्रंथपाल. हायमास्टखाली उभे राहून हा हिशेब करावा, उजेड चांगला पडतो.

मधली काही वर्षे तर राज्यातल्या बहुतेक पालिकांत निवडून आलेले कुणी नव्हतेच. आरक्षणाचा वाद न्यायालयात, पालिका प्रशासकाकडे. बऱ्याच ठिकाणी प्रशासक म्हणजे मुख्याधिकारीच. मुख्याधिकारी या नात्याने त्यांनी प्रस्ताव ठेवायचा आणि प्रशासक या नात्याने त्यावर साधकबाधक चर्चा करून तो मंजूर करायचा. सभात्याग नाही, गोंधळ नाही, ऐनवेळचे विषय नाहीत. सभेला चहासुद्धा एकच कप. अखेर २०२५च्या डिसेंबरात निवडणुका झाल्या. नगराध्यक्षही थेट जनतेतून आले. थेट निवडणूक २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली; सरकार बदलले की लोकांची अक्कलही बदलते, असा त्यामागे काहीतरी सिद्धांत असावा. असो. नव्या मंडळींसमोर मोठी अडचण आहे ती कोनशिलांच्या अनुशेषाची. इतकी वर्षे गावात फीत कापायला हक्काचा हात नव्हता. तो अनुशेष भरून काढायचा म्हणजे कमानींना पर्याय नाही.

या बाबतीत इतिहास काय सांगतो? महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८०च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात यायचे होते. त्यांच्या स्वागतावर पालिकेने हजार रुपये खर्चावेत असे ठरत होते. फुल्यांनी एकट्याने विरोध केला: हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणाले. बाकीच्यांनी हात वर केले आणि विषय मंजूर झाला. पुढे पालिकेने भव्य मंडई बांधायला काढली, तेव्हाही फुल्यांचे म्हणणे तेच, आधी शाळा. मंडई १८८६ मध्ये उभी राहिली, तिला गव्हर्नर रे यांचे नाव मिळाले. नंतरच्या पिढीने, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने, त्याच मंडईला महात्मा फुल्यांचे नाव दिले. अत्र्यांचा हेतू नितांत आदराचा होता, यात शंका नाही. पण खर्चाला विरोध करणाऱ्याचा आवाज कायमचा बंद करायचा असेल, तर त्याचे नाव त्याच इमारतीवर लावावे, ही युक्ती आमच्या नगरसेवकांनी कुठून उचलली, ते मला मंडईत भाजी घेताना कळले.

अपवाद आहेत, ते लपवणे बरे नव्हे. एक लाख लोकसंख्येखालच्या शहरांत स्वच्छ सर्वेक्षणात कऱ्हाड देशात पहिले आले, विटा आले, सासवड आले. वेंगुर्ल्याने तर कचराडेपोचे पर्यटनस्थळ केले. तिथे ओला, सुका आणि त्यापुढचे कितीतरी प्रकार रोज हाताने वेगळे केले जातात, म्हणून ते घडले. यातल्या कुठल्याही गावाला बक्षीस कमानीबद्दल मिळालेले नाही. आमच्या पालिकेनेही वेंगुर्ल्याला अभ्यासदौरा काढला. समुद्रकिनारी मासे आणि सोलकढीचा सखोल अभ्यास झाला. परत आल्यावर अहवाल सादर झाला, त्यात एकच शिफारस होती: आपल्या कचराडेपोलाही प्रवेशद्वार हवे. प्रवेशद्वार झाले. आत कचरा आहे तसाच आहे, पण आता तो रीतसर दारातून आत जातो.

हे सगळे पाहून मी नगराध्यक्षांना एक लेखी सूचना केली. पगाराचेच लोकार्पण करावे. दर वर्षी एप्रिलमध्ये मैदानावर मंडप घालावा. वॉलमन, वायरमन, ग्रंथालय सेवक, बंबाचा चालक, घंटागाडीवरच्या बायका यांना रांगेत उभे करावे आणि प्रत्येकाच्या गळ्यातली फीत मान्यवरांनी हळुवार कापावी. 'अमुक यांच्या विशेष प्रयत्नांतून या इसमाचे बारा महिन्यांचे वेतन' असा बिल्ला त्याच्या छातीवर लावावा. तो पाणी सोडायला दारोदार फिरेल, तेव्हा नाव घरोघर पोहोचेल. ग्रॅनाइट एका जागी राहते. वॉलमन चालता-फिरता फलक आहे आणि पावसात भिजून त्याचे दिवे जात नाहीत.

नगराध्यक्ष माझी सूचना गांभीर्याने घेतील, असे मला वाटले नव्हते. पण सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर ती आली. विरोधी गटनेत्यांनी आधी आक्षेप घेतला, ही कल्पना मूळ त्यांची होती म्हणून. 'संकल्पना' या ओळीत त्यांचेही नाव घालायचे ठरल्यावर तो मागे घेतला. ठराव रोखायला नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाण्याची धमकी एका स्वीकृत सदस्यांनी दिली, त्यांना 'प्रमुख उपस्थिती'त घेतले. विषय एकमताने मंजूर झाला. इतिवृत्ताची प्रत माझ्याकडे आली आहे. मंडप, ध्वनिक्षेपक, शाल-श्रीफळ, फेटे, अल्पोपाहार, ड्रोनने चित्रीकरण आणि कायमस्वरूपी कोनशिला यांसाठी तरतूद करण्यात आली आहे. वेतनाच्या बाबीसमोर 'निधी उपलब्धतेनुसार' असा शेरा आहे. तारीख पालकमंत्र्यांची वेळ मिळाल्यावर कळवतील. त्या दिवशी मनुष्यबळ कमी पडणार असल्याने वॉलमनने पहाटेच पाणी सोडून मांडवाच्या खुर्च्या मांडायला यावे, अशी तोंडी सूचना त्याला देण्यात आली आहे.